पऱ्हाटीचा मालक कोण?

पुण्या-मुंबईच्या पंपावर आज मोटारीत जे पेट्रोल भरले जाते त्याच्या शंभर भागांत वीस भाग इथेनॉल असते. २०१४ च्या सुमारास हे प्रमाण जेमतेम दीड टक्का होते. २०२५ मध्ये ते वीस टक्क्यांवर गेले. मुळात या मजलेसाठी २०३० ची मुदत ठरली होती. खनिज तेलासाठी परक्यांच्या तोंडाकडे पाहणाऱ्या देशाने ती पाच वर्षे आधी गाठली, याबद्दल सरकारचे अभिनंदन करण्यात आम्हांस मुळीच संकोच वाटत नाही. गाडी लिटरमागे पूर्वीइतकी धावत नाही अशी जी कुरकूर कानी येते तीत तथ्य आहे, कारण इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच भरते. पण तो आजचा आमचा विषय नव्हे. आमचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो गाडीवाल्यांनीच विचारावयास हवा होता : हे वीस भाग येतात कोठून?

ते येतात उसातून, मक्यातून आणि तांदळातून. या तिहींचा ताण गेल्या दोन-तीन वर्षांत चांगलाच जाणवला आहे. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी बंदी घातली. पाऊस कमी झाला होता, साखर कमी पडेल अशी धास्ती होती. ज्या सहकारी कारखान्यांनी सरकारच्याच आग्रहावरून कर्जे काढून आसवन्या वाढवल्या होत्या ते हंगामाच्या मध्यावर तोंडात मारल्यासारखे झाले. बंदी पुढे सैल झाली, ऑगस्ट २०२४ मध्ये उठलीही. दरम्यान मक्याला मागणी आली आणि कोंबडीपालन करणारे खाद्याच्या भावाने हैराण झाले. अन्न महामंडळाच्या कोठारांतील तांदूळही भट्टीला जाऊ लागला. माणसाचे ताट, कोंबडीचे खाद्य आणि मोटारीची टाकी अशी ही तिरंगी ओढाताण आहे. तीतून निघण्याचा शास्त्रीय मार्ग कित्येक वर्षे सांगितला जातो तो असा की, पिकाचा दाणा, रस वा फळ माणसासाठी ठेवावे आणि देठ, काडी, ताटे यांपासून साखर व साखरेपासून इथेनॉल काढावे. तज्ज्ञ याला दुसऱ्या पिढीचे इथेनॉल म्हणतात.

हा मार्ग कितपत वाटचालीचा आहे हे दिल्लीच्या परिषदांत बसून कळणार नाही. त्यासाठी आम्ही वाचकांस नंदुरबार जिल्ह्यातील शहादे तालुक्यात, पुरुषोत्तमनगर येथे नेऊ इच्छितो. पी. के. अण्णा पाटील यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना तो हाच. उत्तरेस सातपुड्याची रांग, दक्षिणेस तापी, आणि मध्ये काळ्या जमिनीचा सुपीक पट्टा. या पट्ट्यात ऊस आहे, कपाशी आहे, केळी आणि पपई आहे, आणि नंदुरबारच्या बाजारात लाल सडे घालणारी मिरची आहे. सारंगखेड्याच्या घोडेबाजारास गेलेल्या शहरी पाहुण्याला या शिवाराची श्रीमंती सहज दिसते. डोंगराच्या अंगाने वर गेल्यावर भिल्ल व पावरा वस्त्यांत जे दिसते ते पाहावयास तो सहसा जात नाही. थंडी पडली की या वस्त्या ओस पडू लागतात. कोयता घेऊन माणसे ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात गेलेली असतात.

अशा या पट्ट्यात टाकाऊ म्हणावे असे आहे तरी काय? येथेच बहुतेक योजनांची पहिली चूक होते. कारखान्याच्या आवारात भुशाचा डोंगर दिसला की पाहुणा शास्त्रज्ञ हरखतो. गाळलेल्या उसाच्या सुमारे तीस टक्के ओला भुसा निघतो हे खरे, पण तो टाकला जात नाही. त्यावरच बॉयलर चालतो, त्यावरच साखर शिजते, आणि जेथे सहवीजनिर्मिती आहे तेथे उरलेला भुसा वीज होऊन तारेत जातो. तो काढून इथेनॉलला लावला तर बॉयलरला कोळसा आणावा लागेल. उसाचे पाचट घ्यावे म्हटले तर ते पेटवू नका, खोडव्याच्या सरीतच कुजू द्या, असे कृषी खाते शेतकऱ्यास वर्षानुवर्षे विनवीत आहे, आणि खात्याचे म्हणणे बरोबर आहे. खान्देशच्या जमिनीत सेंद्रिय कर्ब आधीच कमी. तिच्या तोंडचा घास काढून मोटारीला घालणे हे शहाणपण नव्हे. केळीचे खांब म्हणावेत तर त्यांत दहापैकी नऊ भाग पाणी.

राहते ती पऱ्हाटी. कपाशीची वेचणी संपली की उभी राहणारी ही लाकडासारखी काडी हेक्टरी दोन ते तीन टन निघते. शेतकऱ्याला ती नकोशी असते आणि शेतात ठेवणे धोक्याचे असते, कारण पाण्याच्या आशेने फरदड राखली किंवा काड्यांचे ढीग बांधावर रचून ठेवले की त्यांवरील किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तळ देते. २०१७ च्या हंगामात या अळीने महाराष्ट्रातील कापूस उत्पादकाची काय दशा केली ती अद्याप कोणी विसरलेले नाही. डिसेंबरअखेर कपाशी उपटून टाका असा सल्ला तेव्हापासून दरसाल दिला जातो. उपटलेल्या पऱ्हाटीचे पुढे काय होते? पुष्कळशी बांधावर पेटवली जाते. आणि बरीचशी, हे फार महत्त्वाचे आहे, मजूर बायका मोळ्या बांधून घरी नेतात. तीच त्यांचे वर्षाचे सरपण आणि झोपडीच्या कुडाचा आधार असते. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेची शेगडी पुष्कळ घरांत आली, पण रिकामी टाकी पुन्हा भरून आणण्यास पैसे लागतात आणि मोळीला लागत नाहीत.

आता या काडीतून साखर निघते कशी ते पाहू. कपाशीच्या बोंडातील रुई म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. त्याच सेल्युलोजचा काडीत चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग असतो. सेल्युलोज हे ग्लुकोज साखरेच्याच कणांची लांबच लांब माळ होय. ज्वारीच्या दाण्यातील पिष्टही त्याच कणांचे बनलेले असते, पण मणी ओवण्याची तऱ्हा निराळी. म्हणून भाकरी आपणांस पचते आणि सदरा पचत नाही. बैलाला कडबा पचतो तो त्याच्या पोटातील जंतूंच्या कृपेने. काडीत ही माळ उघडी नसते. तिच्याभोवती हेमिसेल्युलोजचे वेष्टण आणि त्यावर लिग्निनचे गिलाव्यासारखे कवच असते. झाड वाऱ्यात उभे राहते ते या गिलाव्याच्या बळावर, आणि साखर काढणाऱ्याची वाट अडते तीही त्यानेच.

हा गिलावा फोडण्याच्या कामास पूर्वप्रक्रिया म्हणतात. एक टक्क्याच्या आसपास गंधकाम्ल घातलेल्या पाण्यात बारीक केलेली काडी दीडशे ते दोनशे अंश उष्णतेच्या वाफेखाली काही मिनिटे ठेवली की हेमिसेल्युलोज विरघळते आणि आतील तंतू मोकळा होतो. अल्कली वापरली तर लिग्निनच निघून जाते. मग त्या मोकळ्या तंतूवर एन्झाइम सोडावयाचे, ते माळ तोडून ग्लुकोज करते, आणि पुढचे काम यीस्टचे. ते मळीवर जे करते तेच येथे करते. सांगावयास हे सोपे आहे. आम्ल थोडे जास्त झाले वा वाफ थोडी अधिक वेळ राहिली तर निघालेली साखरच जळून फरफ्युरल होते, आणि ते यीस्टला विष. आम्ल मारण्यास चुना घालावा तर जिप्समचा गाळ साचतो. हेमिसेल्युलोजमधून निघणारी झायलोज साखर नेहमीचे यीस्ट तोंडातही घेत नाही. तिच्यासाठी निराळी जात तयार करावी लागते. आणि गरम आम्ल साध्या पोलादाला खाते, म्हणून भांडी महागड्या मिश्रधातूची लागतात.

ही विद्या काही काल-परवाची नव्हे. १८१९ साली ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तागाच्या चिंध्यांवर तीव्र गंधकाम्ल घालून साखर काढून दाखवली होती. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने लाकडाच्या भुशापासून मद्यार्क काढला. दोन महायुद्धांच्या दरम्यान जर्मनीने हे तंत्र वाढवले. सोव्हिएत संघाने तर असे कारखाने कित्येक दशके चालवले. एन्झाइमची कथा याहून मनोरंजक आहे. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधील सॉलोमन बेटांवर अमेरिकन फौजेचे तंबू व सुती कापड कुजून फाटू लागले. शोध घेता एक बुरशी सापडली. ती सेल्युलोज खाऊन साखर करीत होती. आज जगातील बहुतेक सेल्युलेज एन्झाइम त्याच बुरशीच्या वंशजांपासून काढले जाते. तिचे नाव ट्रायकोडर्मा. तिच्याच भावकीतील बुरशी आपला शेतकरी मर रोगावर बियाण्याला चोळतो. महाराष्ट्रही या विद्येत मागे राहिलेला नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सेल्युलोज पचवणाऱ्या बुरशींवर गेल्या शतकाच्या उत्तरार्धातच मूलभूत काम झाले. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतील ऊर्जा-जैवविज्ञान केंद्राच्या पद्धतीवर उत्तराखंडात काशीपूर येथे दिवसाला दहा टन काडीकचरा घेणारा प्रायोगिक कारखाना २०१६ साली सुरू झाला. पुण्याच्या प्राज कंपनीने पुढील वर्षी दौंडजवळ आपला प्रात्यक्षिक कारखाना उभारला, आणि त्याच कंपनीच्या तंत्रावर इंडियन ऑइलचा पानिपत येथील मोठा कारखाना १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्रास अर्पण झाला. वर्षाला दोन लाख टन भाताचा पेंढा घ्यावयाचा आणि तीन कोटी लिटर इथेनॉल द्यावयाचे, अशी त्याची योजना; खर्च सुमारे नऊशे कोटी रुपये.

विद्या आहे, यंत्रे आहेत, आणि ती मराठी माणसांनी केलेली आहेत. मग अडते कोठे? अमेरिकेचा दाखला पाहावा. कॅन्सस राज्यात अबेंगोआ कंपनीचा कारखाना २०१४ साली वाजतगाजत सुरू झाला आणि पुढच्याच वर्षाअखेर थंडावला. आयोवात ड्यूपाँटने २०१५ साली उघडलेल्या प्रचंड कारखान्यातून कंपनी दोनच वर्षांत अंग काढून घेण्यास निघाली. युरोपात क्लॅरियंट कंपनीने रुमानियात २०२२ मध्ये सुरू केलेला कारखाना २०२३ सरताना बंद करण्याचा निर्णय घेतला. या कंपन्यांपाशी पैसा नव्हता की शास्त्रज्ञ नव्हते? रसायन प्रयोगशाळेत जमले. पण हजारो शेतांतून काडी वेळेवर, कोरडी, माती-खड्यांवाचून गोळा करून कारखान्याच्या दारी आणणे आणि ती वर्षभर कुजू न देता साठवणे, हे जमले नाही किंवा परवडले नाही.

येथे आम्ही वाचकांस थोडे अंकगणित करावयास लावणार आहोत. पानिपतच्या मापाचा कारखाना पऱ्हाटीवर चालवावयाचा तर हेक्टरी दोन टन धरून एक लाख हेक्टरांवरील काडीन् काडी लागेल. ती शहादे, तळोदे, नंदुरबार, शिरपूर आणि नदीपलीकडून आणावी लागेल, आणि काडी ही उसासारखी जड नव्हे. ट्रॉली शीगोशीग भरली तरी वजनकाट्यावर फारसे काही दिसत नाही. वाहतुकीतच पैसा संपेल. शिवाय एवढ्या भुकेचे तोंड एकदा उघडले की तुटीच्या वर्षी ते काय मागेल? कपाशी गेली तर सातपुड्याचे लाकूड मागेल. पऱ्हाटीच्या नावाखाली रात्री कोणती ट्रॉली काट्यावर चढते याचा पहारा करण्यास कोणतेही वनखाते पुरे पडणार नाही.

याच हिशेबाचा दहावा भाग करून पाहावा. दहा हजार हेक्टर, वीस हजार टन पऱ्हाटी, आणि पानिपतच्याच प्रमाणाने वर्षाला तीस लाख लिटर इथेनॉल. म्हणजे तीनशे दिवसांत दिवसाला दहा हजार लिटर. एवढ्यासाठी नवी आसवनी उभारण्याचे कारण नाही. ज्या सहकारी कारखान्याला आसवनी आहे त्याने फक्त पूर्वप्रक्रियेची व साखर करण्याची शाखा जोडावी आणि काडीचा गोड रस मळीच्या शेजारी आंबवावा. उरलेले लिग्निन बॉयलरला उत्तम जळण आहे. लहान कारखान्याला लिटरमागे भांडवली खर्च जास्त पडतो हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे आणि तो खराही आहे. तथापि बंद पडलेल्या मोठ्या कारखान्याचा लिटरमागे खर्च किती पडतो, हेही आक्षेपकांनी मांडून दाखवावे. मोठ्या प्रकल्पास दीडशे कोटींपर्यंत साहाय्य देणारी प्रधानमंत्री जी-वन योजना केंद्राने २०१९ साली काढली; प्रात्यक्षिक प्रकल्पास तिच्यात पंधरा कोटींची मर्यादा आहे. पऱ्हाटीच्या मुलखाला या दोहोंच्या मधले माप हवे आहे आणि ते योजनेत नाही.

आता भावाचा प्रश्न. २०२४-२५ च्या हंगामात मक्यापासूनच्या इथेनॉलला तेल कंपन्यांनी लिटरमागे ७१ रुपये ८६ पैसे दिले. एक टन काडीतून दीडशे लिटर निघत असेल आणि तिला टनास दीड हजार रुपये दिले, तर लिटरमागे कच्च्या मालाचे दहा रुपये होतात. बाकीचा सारा खर्च एन्झाइम, आम्ल, वाफ, मिश्रधातूची भांडी आणि कर्जावरील व्याज यांचा. आता पाहा : एन्झाइमचा भाव एन्झाइम विकणारी कंपनी ठरवणार, भांड्यांचा भाव भांडी करणारा, व्याजाचा बँक आणि इथेनॉलचा दर दिल्ली. कारखान्याला तोटा येऊ लागला तर कात्री लावता येईल असा एकच आकडा हिशेबात उरतो. तो पऱ्हाटीचा. उसाला निदान १९६६ च्या नियंत्रण आदेशाचा आधार आहे. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत असे त्यात लिहिलेले आहे, आणि ते पाळले जात नाही तेव्हा शेतकरी रस्त्यावर तरी उतरू शकतो. पऱ्हाटीला असा कोणताच कायदा नाही, आणि कायद्याने जिला नाव दिलेले नाही त्या वस्तूसाठी रस्त्यावर उतरणार कोण?

सहकाराची खरी गरज नेमकी येथे आहे. १९५० साली प्रवरानगरास विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जो प्रयोग आरंभला त्याचे मर्म यंत्रांत नव्हते. ऊस घालणाराच कारखान्याचा धनी, या एका कलमात होते. पुढे त्या कलमाचे काही ठिकाणी काय झाले हे वाचक जाणतात, त्याची उजळणी येथे नको. पण दुसऱ्या पिढीच्या इथेनॉलचे आतापर्यंतचे मोठे कारखाने तेल कंपन्यांचे आहेत, आणि पेंढा घालणारा तेथे केवळ विक्रेता आहे. पुरुषोत्तमनगरासारख्या ठिकाणी हे कलम पऱ्हाटीला लागू करावे, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. पऱ्हाटीचा दर इथेनॉलच्या सरकारी दराशी टक्केवारीने बांधून टाकावा, पैसे चौदा दिवसांत द्यावेत, आणि पऱ्हाटी घालणाऱ्यास भागधारक करावे, मग त्याच्या शेतात ऊस असो वा नसो.

आणि पऱ्हाटी घालणारा म्हणजे कोण, हे आताच ठरवून घ्यावे. सातबारा ज्याच्या नावावर तोच, असे म्हटले की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. पण आजवर ही काडी उपटली, बांधली, डोक्यावरून वाहिली आणि चुलीत घातली ती भूमिहीन मजुरांनी, विशेषतः बायकांनी. तिला किंमत नव्हती तोवर मालक ती फुकट नेऊ देत होता. उद्या टनाला दीड हजार मिळू लागले की बांधावरची पहिली मोळी अडवली जाईल. ज्या शहाद्यात जमिनी आणि मजुरी यांच्या प्रश्नांवर अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी आदिवासींना उभे केले आणि १९७२ साली श्रमिक संघटना जन्मास आली, त्या शहाद्यात हे घडणार नाही असे मानणे भाबडेपणाचे आहे. म्हणून दोन गोष्टी आम्हांस अटळ वाटतात. गावागावांत घरटी सरपणाचा वाटा आधी बाजूला काढावा आणि मगच ट्रॉली भरावी. आणि काडी उपटून, कुटून, गठ्ठे बांधून देण्याचे काम मुकादमाच्या उचलीवर न देता मजुरांच्याच सहकारी सोसायट्यांना द्यावे. हे काम जानेवारी ते मार्च या महिन्यांत येते, म्हणजे नेमके जेव्हा ही माणसे कोयता घेऊन परमुलखात असतात. घराजवळ अडीच-तीन महिन्यांची रोकड मजुरी मिळाली तर काही घरांची पोरे तरी हंगामाच्या मध्यावर शाळेतून उठणार नाहीत. इथेनॉलच्या हिशेबात हा आकडा कोणी धरीत नाही. आमच्या मते तो पहिल्या रकान्यात यावा.

पाण्याबद्दल थोडे सांगावयाचे राहिले. मळीच्या आसवनीतून मद्यार्काच्या एका लिटरमागे दहा-बारा लिटर काळे पाणी निघते आणि महाराष्ट्रातील किती नद्यांनी ते पचवले याची यादी देण्याची आवश्यकता नाही. पूर्वप्रक्रियेत त्यात आम्ल, चुना आणि विरघळलेल्या लिग्निनची भर पडणार आहे. गोमाई ही उन्हाळ्यात धार तुटणारी लहान नदी, आणि ती तापीला मिळते तेथे प्रकाशे हे क्षेत्र आहे. परवाना देताना सरकारने आम्लाचे पाणी पुन्हा वापरात घेणारी व्यवस्था कारखान्याबरोबरच उभारावयास लावावी. ती पुढील टप्प्यात होईल, हे उत्तर स्वीकारू नये.

सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर भरतात. विषयपत्रिकेवर अहवाल वाचून कायम करणे, लेखापरीक्षक नेमणे, आणि अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळी येणारे विषय, असा क्रम ठरलेला असतो. कपाशीच्या पट्ट्यातील कारखान्यांनी या वर्षी पऱ्हाटीचा विषय ऐन वेळच्या विषयांत न ढकलता छापील पत्रिकेत घ्यावा आणि त्या सभेस ऊस नसलेला कापूस उत्पादक व मोळी वाहणाऱ्या बायकांचे प्रतिनिधी यांस निमंत्रण द्यावे. साखर आयुक्तालयाने तोवर पऱ्हाटीच्या दराचा मसुदा तयार ठेवावा. काडी उपटण्यास जानेवारी उजाडेल. दर ठरवावयाचा तो त्याआधी.